चर्चचं नवं वर्ष उघडण्याआधी: एका पुरोगामी मंडळीच्या तयारीची यादी

चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी. तेव्हा तयारीची बैठक सप्टेंबर सरायच्या आत घ्या. एकदा नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झाला की कमिटीला दुसरं काही ऐकू येत नाही. ही बैठक पाळक आणि चार वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) यांच्यापुरती ठेवू नका. संडे स्कूलची शिक्षिका, माईक सांभाळणारा मुलगा, उपासनेनंतर मागे थांबून खुर्च्या उचलणारी माणसं, यांना बोलवाच. नवा माणूस दुसऱ्यांदा का आला नाही, हे बहुतेक वेळा यांनाच माहीत असतं. ‘सर्वांचं स्वागत’ अशी पाटी लावणं पुरोगामी चर्चला सोपं जातं. ती वाचून कोणी खरंच आत आलं, तर त्याच्यासाठी आपण काय तयार ठेवलंय, एवढंच या यादीत तपासायचं आहे.

सुरुवात वाचनांपासून करा. कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे ठरवून देणारी १९९२ची सुधारित सामायिक वाचनमाला तुमची मंडळी वापरत असेल तर तिचं चक्र तीन वर्षांचं आहे. चार शुभवर्तमानांपैकी पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला. ज्या इसवी सनाला तीनने भाग जातो, त्या सनातल्या आगमनकाळात मत्तयाचं वर्ष सुरू होतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. वर्षभराची वाचनं समोर ठेवून अवघड उतारे कोणत्या रविवारी येतात त्यावर खुणा करा. गुड फ्रायडेला योहान १८ आणि १९ दर वर्षी वाचतात. त्यात ‘यहूदी’ हा शब्द सारखा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केल्यासारखा येतो. या उताऱ्यांच्या आधाराने शतकानुशतकं यहूद्यांवर अत्याचार झाले आहेत, म्हणून वाचनापूर्वी बोलायची चार वाक्यं आत्ताच लिहून ठेवा. येशू स्वतः यहूदी होता आणि त्याला क्रूसावर रोमी सत्तेनं दिलं, हे त्यात स्पष्ट असू द्या. त्या आठवड्याच्या घाईत ही वाक्यं नीट सुचत नाहीत.

मग तारखा. ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह १८ ते २५ जानेवारी. तो १९०८ पासून चालत आला आहे आणि शेजारच्या मंडळ्यांशी बोलायला चांगलं निमित्त देतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन. त्याची उपासना दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहितात, तेव्हा ती फक्त महिला मंडळावर ढकलून पुरुषांनी घरी बसायचं, हे बंद करा. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ. १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना करावी अशी हाक ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) दिमित्रियोस पहिले यांनी १९८९ साली दिली होती, आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या फ्रान्सिसचा दिवस. २० नोव्हेंबरला ट्रान्सजेंडर स्मरणदिन असतो. १९९९ पासून तो पाळला जातो. मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांची नावं त्या दिवशी वाचायची असतील तर वाचणाऱ्यानं उच्चार आधी घोकून यावं. अडखळत वाचलेलं नाव म्हणजे त्या माणसाची दुसऱ्यांदा केलेली हेळसांड. वर्षाच्या पाटीवर याहून जास्त दिवस कोंबू नका. दर रविवारी एक ‘विशेष’ रविवार करणाऱ्या मंडळीत साध्या उपासनेला कोणी येईनासं होतं.

सभागृहाचं थोडक्यात: चाकाच्या खुर्चीसाठी जागा रांगेच्या मधोमध सोडा, शेवटच्या भिंतीपाशी नको. खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते, टेप लावून मोजा. मोठ्या अक्षरातल्या काही प्रती १८ पॉइंटमध्ये छापून दाराशीच ठेवा, मागाव्या लागू नयेत. आणि ‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक लागत नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात माईक द्याच. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेशी जोडलेल्या श्रवणयंत्रात माईकवरचाच आवाज जातो.

नव्या माणसाच्या माहितीचा कागद बहुतेक ठिकाणी कोणा जुन्या सेक्रेटरीनं केलेला असतो आणि त्यावर कोणाची नजर जात नाही. ती नजर आता टाका. ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना काढा. ‘पती/पत्नी’ऐवजी ‘घरात कोण कोण आहेत’ असं विचारा. ‘तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू’ हा प्रश्न सगळ्यात वर हवा, लिंगाचा रकाना खरंच कशासाठी लागतो ते स्वतःला विचारा, आणि लागत नसेल तर तोही जाऊ द्या. दाराशी उभं राहणाऱ्यांना एकच गोष्ट शिकवा: पहिल्या दिवशी चौकशी नको. कुठून आलात, कोणाचे, लग्न झालं का, मुलं किती, असल्या प्रश्नांनी पळून गेलेली माणसंच आपल्या दारात येत असतात. नवा माणूस शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधी निघून गेला, तरी त्याला जाऊ द्यावं.

उपासनेच्या भाषेची तयारी एका संध्याकाळी होत नाही. प्रार्थनांच्या प्रती घेऊन दोघा-तिघांनी बसावं. देवाला केवळ पिता आणि राजा म्हणत असाल तर शास्त्रात आणखी काय आहे ते पाहा: यशया ६६ मधली सांत्वन करणारी आई, लूक १३ मधली पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी, लूक १५ मधली हरवलेलं नाणं शोधायला घर झाडणारी बाई. गाण्यांत पापाला ‘आंधळेपण’ किंवा ‘पांगळेपण’ म्हटलेलं असेल तर ते ऐकत समोर कोण बसलंय याचा विचार करा. मात्र सगळी जुनी गाणी एका झटक्यात बदलू नका. ज्या आजीला ती तोंडपाठ आहेत तिचंही हे चर्च आहे. एक कडवं बदलायचं असेल तर आधी तिच्याशी बोला. पुष्कळदा तीच चांगला पर्याय सुचवते. संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी तेझेची छोटी, पुन्हा पुन्हा म्हणायची गीतं उपयोगी पडतात. १९४० साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या त्या समाजात वेगवेगळ्या देशांचे आणि पंथांचे लोक एकत्र येतात, म्हणून गीतं अशी की ती कागदाशिवाय गाता यावीत.

प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, या यादीत सर्वांत जास्त वेळ द्या. मेजाशी कोण येऊ शकतं याचा तुमच्या पंथाचा नियम आधी पाळकांकडून समजून घ्या. काही ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्यांनाच बोलावतात, काही ठिकाणी कोणालाही. जे काही ठरेल ते आमंत्रणात मोकळेपणानं, दर वेळी त्याच शब्दांत सांगितलं जावं. ‘सर्वांचं स्वागत’ एवढंच म्हणून थांबलात तर नवखा बिचारा शेजाऱ्याकडे पाहत बसतो. उभं राहायचं की गुडघे टेकायचे, भाकर हातात घ्यायची की प्याल्यात बुडवायची, लहान मुलांनी यायचं का, आणि यायचं नसेल तर जागीच बसून राहिलं तरी चालेल का, हे सगळं त्या आमंत्रणात यावं. भाकरीचं सांगायचं तर, गव्हातलं ग्लूटेन काहींना खरोखर आजारी पाडतं. पंथाच्या नियमात बसत असेल तर सगळ्यांसाठीच ग्लूटेनविरहित भाकर ठेवणं सर्वांत सरळ. ते जमत नसेल तर तिची ताटली वेगळी, झाकलेली, आणि प्यालाही वेगळा ठेवा. साधी भाकर बुडवलेल्या प्याल्यात तिचे कण उतरतात आणि मग वेगळ्या ताटलीचा काही उपयोग राहत नाही, हे हमखास विसरलं जातं. ग्लूटेनविरहित भाकर आधी मोडा, म्हणजे हाताला दुसरं पीठ लागलेलं नसेल. दारू सोडलेल्या माणसासाठी प्याल्यात काय आहे हा नुसता तपशील नसतो, त्याचा सगळा आठवडा त्यावर अवलंबून असतो. वेलच नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ साली द्राक्षरस तापवून, न आंबणारा करून चर्चला दिला, तो याच मेजासाठी. वाइन वापरत असाल तर रसाचा प्याला कोणत्या बाजूला आहे ते मोठ्यानं सांगा, म्हणजे कोणाला विचारावं लागणार नाही. मेजापाशी चालत येणं ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे सर्वांत शेवटी नाही, सर्वांत आधी जा.

उपवासकाळाचं, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांचं, सामान वेगळं लिहून ठेवा. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला लावायची राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात, तेव्हा त्या झावळ्या कोणाकडे आहेत ते आत्ताच शोधा. राखेत पाणी घालू नका. राखेचा क्षार पाण्यात उतरला की कपाळाची कातडी भाजू शकते; लागलंच तर थेंबभर तेल घाला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला पाणी कोमट हवं, टॉवेल प्रत्येकाला वेगळा हवा, आणि कोणाला पायाला हात लावू द्यायचा नसेल तर हात धुण्याची सोय बाजूलाच हवी. शरीराला दुसऱ्याचा स्पर्श नको वाटण्याची कारणं लोकांकडे असतात. ती विचारू नका.

अभ्यासगटासाठी विषय निवडताना प्रश्नांना घाबरू नका. पुरोगामी ख्रिस्ती विचाराचं एक केंद्र अमेरिकेत एपिस्कोपल धर्मगुरू जेम्स अॅडम्स यांनी १९९४ साली स्थापलं. ठाम उत्तरांपेक्षा शोधात जास्त कृपा आहे, असं त्यांनी आपल्या भूमिकेत मांडलं. गटाला पहिल्या दिवशी उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी वाचायला द्या आणि निर्मितीचा क्रम दोन्हीत कसा येतो ते त्यांनाच शोधू द्या. पुढच्या वेळी रोमकरांस पत्र १६: सेविका फीबी, आणि प्रेषितांत गणलेली युनिया, जिला काही भाषांतरांनी चक्क पुरुष करून टाकलं होतं. त्याला जोडून १ करिंथ १४ मधलं ‘स्त्रियांनी गप्प राहावं’ वाचा. ते वगळू नका. आपल्याला न रुचणारी वचनं वगळणं हा पुरोगाम्यांचा आवडता आळस आहे. अँटॉयनेट ब्राऊन १८५३ साली आणि फ्लॉरेन्स ली टिम-ओई १९४४ साली पाळक म्हणून दीक्षित झाल्या, हे त्याच संध्याकाळी सांगता येईल.

तुमच्या मंडळीनं समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं स्वागत लेखी स्वरूपात केलेलं नसेल, तर हे वर्ष त्याच्या तयारीचं ठरवा, मतदानाचं नाही. अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टनं १९८५ साली आपल्या मंडळ्यांना अशी घोषणा करण्याचं आवाहन केलं, आणि प्रत्येक मंडळीला ती स्वतःहून ठरवावी लागली. ट्रॉय पेरी यांच्या घरी तर १९६८च्या ऑक्टोबरात जेमतेम १२ जण जमले आणि त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. तयारी म्हणजे काय, तर यशया ५६ आणि प्रेषितांची कृत्ये ८ (दोन्हींत बाहेर ठेवलेल्या षंढांना आत घेतलेलं आहे) यांवरचे अभ्यास, घराघरांतल्या लहान बैठका, आणि विरोध असणाऱ्यांना त्यांच्या घरी जाऊन भेटणं. ज्यांच्याविषयी चर्चा चालली आहे त्यांना मात्र दर बैठकीला उभं करून आपली कहाणी सांगायला लावू नका. ते साक्षीदार नाहीत, मंडळीचे लोक आहेत. ५१ विरुद्ध ४९ अशा मतांनी जिंकलेला ठराव पहिल्याच वार्षिक सभेत उलटतो किंवा अर्धी मंडळी घेऊन जातो; घाई नको. पण ‘अजून वेळ आली नाही’ हे वाक्य सलग तिसऱ्या वर्षी ऐकू आलं तर तारीख पक्की करा. आणि घोषणेत काय काय येतं ते स्पष्ट लिहा: फक्त बाकावर बसणं, की वडील होणं, शिकवणं, मुलांचा बाप्तिस्मा, लग्नाला आशीर्वाद? इथे गुळमुळीत शब्द ठेवलात तर पुढे कोणीतरी त्याच फटीत अडकून जखमी होईल.

मुलांच्या बाबतीत मात्र चर्चा नको, नियम हवा. वर्गात कायम दोन मोठी माणसं, तीही एकाच घरातली नसलेली, दाराला काच, फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी. ‘आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात’ ही सबब ऐकली की नियम आणखी एकदा वाचून दाखवा.

सेवाकार्याच्या यादीत सहा गोष्टी असतील तर चार खोडा. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांतलं कोणी ठरवणाऱ्यांत आहे का, हे राहिलेल्या दोन्हींना विचारा. ‘न्यायानं वाग, दयेची आवड धर’ सांगणारं मीखा ६:८ भिंतीवर रंगवून घेतलेल्या मंडळीनं निदान इतकं करावं. मोर्च्याला जाणार असाल तर चर्चचा फलक कोण धरणार आणि पत्रकारांशी कोण बोलणार ते आधी ठरवा.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत नाव घेण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या. आजार, घटस्फोट, गर्भपात, कोणाची लैंगिक ओळख, या गोष्टी प्रार्थनेच्या निमित्तानं गावभर होतात. थेट प्रक्षेपण असेल तर ही वाक्यं वर्षानुवर्षं इंटरनेटवर राहतात, म्हणून प्रार्थनाविनंत्यांच्या वेळी आवाज बंद करायची जबाबदारी माईकवाल्याकडे सोपवा. भेटीगाठी पाळकांच्या एकट्याच्या अंगावर टाकू नका. त्यांच्या सुटीचा वार पत्रकात छापा आणि त्या वारी फोन कोण घेणार तेही छापा.

राहिलं किरकोळ. अर्पण मोजायला दोन माणसं, एका घरातली नकोत. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत त्याची नोंद करा, प्रक्षेपणाचा आणि ईमेलचा पासवर्ड दोघांना माहीत असू द्या. प्रत्येक कामापुढे ते आत्ता करणाऱ्याचं नाव आणि त्याच्यासोबत यंदा शिकणाऱ्याचं नाव लिहा. दुसरा रकाना जिथे रिकामा दिसेल, त्या कामासाठी माणूस शोधायला याच रविवारी लागा.