लहान सागरी सरीसृपांचे जीवाश्म पारखताना या चुका टाळा

सागरी सरीसृपाचा एखादा लहान सांगाडा समोर आला की ‘हा खरा की खोटा?’ असे विचारले जाते, आणि बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात याच प्रश्नापासून होते, कारण त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल असे तो गृहीत धरतो. विक्रीला येणाऱ्या कित्येक नमुन्यांत धड अस्सल असते पण कवटी कोरलेली असते, किंवा दात अस्सल असतात पण जबडा वाळू आणि गोंद कालवून उभा केलेला असतो. त्यामुळे संपूर्ण नमुन्याबद्दल एकदम निकाल देण्याऐवजी कवटी, मान, बोटे, शेपटी अशा प्रत्येक भागाबद्दल तो मूळचा आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे. नमुना पूर्ण अस्सल, डागडुजी केलेला, अनेक प्राण्यांच्या हाडांचा जोडनमुना किंवा साच्यातून काढलेली प्रतिकृती, असा कोणताही असू शकतो. जे केले आहे ते उघडपणे सांगितले असेल, तर डागडुजीत किंवा प्रतिकृतीत वावगे काहीच नाही.

ही फसगत केवळ नवख्यांची होते असे मानणे हीसुद्धा चूकच ठरेल. टॉमस हॉकिन्स या इंग्रज संग्राहकाचे इक्थिओसॉर (माशासारख्या आकाराचे सागरी सरीसृप) आणि प्लेसिओसॉर (चार वल्ह्यांसारखे पाय असलेले सागरी सरीसृप) ब्रिटिश म्युझियमने 1834 साली विकत घेतले, तेव्हा त्यांचे काही भाग चक्क प्लास्टरचे असल्याचे नंतर ध्यानात आले आणि त्या खरेदीवरून मोठा वाद झाला.

केइचौसॉरस: नजर कुठे ठेवावी

लहान सागरी सरीसृपांपैकी सर्वाधिक नकला होतात त्या केइचौसॉरसच्या. चीनच्या गुइझोऊ प्रांतात मिळणाऱ्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ यांग झोंगजियान यांनी 1958 साली केले. तो मध्य ट्रायासिक काळातला, म्हणजे सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. बहुतेक नमुने 15 ते 30 सेंटिमीटर लांबीचे असतात, आणि करड्या चुनखडकावर काळी हाडे उठून दिसतात. नक्कल करणाऱ्याच्या पथ्यावर पडतो तो नेमका हाच काळ्या-करड्या रंगांचा विरोध, कारण करड्या लादीवर आकृती कोरून तिला काळा रंग दिला की दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

म्हणून दुरून किंवा समोरून काढलेल्या एका छायाचित्रावरून कधीही मत बनवू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, दिवा एका बाजूने अगदी तिरका धरावा आणि हाड जिथे खडकाला मिळते ती कड सावकाश पाहत जावी. अस्सल हाड खडकात शिरताना दिसते. त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि भेगा असतात, आणि त्याचा काळेपणाही सगळीकडे सारखा नसतो, कुठे तपकिरी झाक असते तर कुठे झीज झालेली असते. रंगवलेल्या भागात मात्र रंग कड ओलांडून शेजारच्या खडकाच्या कणांवर पसरलेला आढळतो आणि खोलगट जागी साचून दाट होतो. एखादा टवका उडालेला असेल तर ती जागा आवर्जून पाहावी: ‘हाडा’च्या आत खडकाचाच करडा रंग दिसला, तर तो भाग कोरलेला आहे. कॅल्साइटची (चुनखडकाच्या मुख्य खनिजाची) पांढरी शीर हाड आणि खडक या दोहोंतून अखंड जात असेल, तर तो भाग अस्सल असल्याची ती भक्कम खूण समजावी, कारण अशी शीर दोन्ही गोष्टी एकत्र असतानाच तयार होते.

यानंतर शरीररचनेकडे वळावे. केइचौसॉरसच्या पुढच्या पायात कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक ठळकपणे रुंद असते, मान लांब असते आणि कवटी लहान, निमुळती असते. नकली नमुन्यांत ही दोन्ही हाडे बहुधा सारख्याच जाडीची काढलेली असतात आणि बोटांची पेरे मोजता येत नाहीत. माझ्या मते कवटी आणि बोटे यांवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. अस्सल नमुन्यांत कवटी पुष्कळदा दबून चुरलेली असते आणि बोटांची सुटी हाडे विखुरलेली असतात, त्यामुळे नमुना देखणा करण्याचा मोह नेमका तिथेच होतो. शेपटी, मान आणि पायांची ठेवण हुबेहूब तशीच असलेला दुसरा नमुना कुठे आढळला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाले असण्याची दाट शक्यता आहे.

घरगुती चाचण्यांचे धोके

तापलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास येतो का हे पाहणे किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवून रंग सुटतो का हे पाहणे, असे सल्ले सर्रास दिले जातात. सुईची खूण कायमची राहते. ॲसिटोनचा तोटा अधिक गंभीर आहे: ठिसूळ हाड टिकावे म्हणून तज्ज्ञ त्यावर पॅरालॉइड बी-72 सारखे द्रावण देतात, आणि तेही ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणजे अस्सल नमुन्याचे संरक्षण आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो आणि बोळ्याला लागलेला मळ पाहून त्याला नकलीही ठरवतो. सौम्य आम्लाच्या थेंबाने फेस आला, तर त्यावरून फक्त कॅल्साइट असल्याचे समजते. चुनखडकावर कोरलेली नक्कलही तसाच फेस देईल. वजनाचेही तसेच आहे. पूर्ण रेझिनची प्रतिकृती हलकी लागते हे खरे, पण खऱ्या लादीवर कोरलेला सांगाडा जड भरतो.

अतिनील दिवा नमुन्याला इजा न करता बरेच काही सांगून जातो. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरच्या प्रकाशाखाली गोंद, पुट्टी आणि रंग अनेकदा आजूबाजूच्या खडकापेक्षा वेगळे चमकतात. मात्र चमकले ते सगळे बनावट, असा निष्कर्ष काढू नये. संरक्षक लेप चमकतो आणि काही वेळा कॅल्साइटही चमकते. तो दिवा नीट वापरल्यास काय हाती लागते, हे ट्रायडेंटिनोसॉरसच्या उदाहरणावरून कळते. हा सरीसृप सागरी नव्हता, पण धडा तोच आहे. इटालियन आल्प्समध्ये 1931 साली सापडलेल्या या नमुन्यावरचा काळा भाग त्वचेचा ठसा मानला जात होता. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिनील प्रकाश आणि सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने तो रंग असल्याचे सिद्ध झाले. मागच्या पायांची हाडे मात्र अस्सल निघाली.

मोसासॉरचे दात आणि जबडे

मोरोक्कोतील खुरीबगा परिसरातल्या फॉस्फेटच्या खाणींतून क्रेटेशियस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या, अखेरचे मोसासॉरचे (सरड्यांच्या नात्यातल्या सागरी सरीसृपांचे) दात विपुल प्रमाणात निघतात, त्यामुळे सुटा दात नकली बनवण्याचे फारसे कारण उरत नाही. तरीही एका दाताचे टोक दुसऱ्याच्या मुळावर चिकटवलेले असू शकते, म्हणून सांधा जरूर पाहावा. जबडे मात्र संशयानेच तपासावेत. सगळे दात एकसारखे आणि ओळीत असणे, शेजारच्या दातांची जात वेगवेगळी दिसणे, भोवतालच्या वाळूत गोंदाची चकाकी किंवा हवेचे बुडबुडे असणे, ही लक्षणे पुरेशी बोलकी आहेत. मोसासॉरमध्ये प्रत्येक दाताला स्वतःची खोबण असते. झेनोडेन्स ही मोसासॉरची जात 2021 साली जबड्याच्या एका तुकड्यावरून जाहीर झाली; 2024 साली दुसऱ्या संशोधकांनी त्यातील दात आणि खोबणी यांचा मेळ बसत नसल्याचे दाखवून हा तुकडा बनावट असू शकतो असे म्हटले आणि सीटी स्कॅनची गरज मांडली.

अस्सलाला नकली ठरवणे

ही चूक तितकीच नुकसानकारक आहे. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना 1823 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लाइम रीजिस येथे सापडलेल्या प्लेसिओसॉरच्या मानेत 35 मणके असल्याचे पाहून थोर शरीररचनातज्ज्ञ क्यूव्हिए यांनाही बनावटीची शंका आली होती. पुढे ती त्यांनी मागे घेतली. चमत्कारिक दिसणे हा बनावटीचा पुरावा होत नाही. तसेच लादीला तडे असून ते चिकटवलेले आहेत, म्हणून नमुना टाकून देऊ नये, कारण खडक उकलताना लाद्या तुटतातच. तड्याच्या दोन्ही बाजूंना हाड सलग जुळते का आणि मणक्यांतील अंतर तेच राहते का, एवढे पाहावे.

विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला पुरावा म्हणून किंमत नसते. उत्खननाचे ठिकाण, खडकाचा थर आणि साफसफाई करताना काय काय भरले याची नोंद अधिक उपयोगी पडते. नमुना अस्सल ठरला की कायद्याचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो. ब्राझीलमध्ये 1942 च्या हुकमानुसार जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचे आहेत, त्यामुळे तिथले मेसोसॉर (लहान जलचर सरीसृप) खासगी विक्रीत दिसले तर आधी कागदपत्रे मागावीत. चीनमध्ये 1 जानेवारी 2011 पासून जीवाश्म संरक्षणाचे स्वतंत्र नियम लागू असून परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाहीत.

तज्ज्ञाचे मत मागताना निदान पाच छायाचित्रे पाठवावीत: मोजपट्टी ठेवून समोरून, तिरक्या प्रकाशात, अतिनील प्रकाशात, लादीच्या कडेचे आणि मागच्या बाजूचे. कवटी आणि हातापायांचे जवळून घेतलेले चित्र सोबत जोडावे, आणि त्याआधी नमुना पुसू किंवा धुऊ नये.