कंट्री म्युझिकचा इतिहास ऐकायचाय? मग उलट्या बाजूने या

मी पहिल्यांदा मोठ्या हौसेने १९२७ ची रेकॉर्ड लावली होती, ती खरखर दहा मिनिटं सहन केली आणि दिलं बंद करून. म्हणून सांगतो, जुन्यापासून सुरू करूच नका, मागे मागे जात ऐका. आणि हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर अर्धी मजा जाते.

आधी गायक जॉनी कॅश. १३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्नियातलं फॉल्सम जेल, समोर बसलेले सगळे कैदी. तिथल्या शोचा पूर्ण लाइव्ह अल्बम एका बैठकीत ऐका, मधे जेलच्या अनाउन्समेंट येतात त्या स्किप करू नका, माहोल त्यांनीच बनतो. एक गंमत सांगतो, पहिल्याच गाण्यात रीनोमध्ये माणूस मारल्याची ओळ आली की जो जल्लोष होतो ना, तो नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे, गार्ड उभे असताना असल्या ओळीवर कोण ओरडेल! शेवटचं ग्रेस्टोन चॅपल मात्र शंभर टक्के खरं. ते तिथल्याच ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याने लिहिलेलं, कॅशला आदल्या रात्री कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसलेला असताना कॅशने ते गायलं.

मग गायक हँक विल्यम्स. त्याचं लवसिक ब्लूज लावा, ११ जून १९४९ ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री म्युझिकच्या रेडिओ शोमध्ये याच गाण्याने लोक वेडे झाले होते. साडेतीन वर्षांत माणूस गेला, शोला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर, वय २९.

आता ऑप्रीवरच अजून मागे जा आणि डीफोर्ड बेलीचं पॅन अमेरिकन ब्लूज ऐका. नुसता माउथऑर्गन, पण डोळे मिटले तर ट्रेन स्टेशन सोडून वेग घेताना दिसते. हा कृष्णवर्णीय कलाकार ऑप्रीचा सुरुवातीचा स्टार, १९४१ ला त्याला काढून टाकलं आणि कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००५ ला, तोपर्यंत तो जाऊन वीसेक वर्षं झाली होती. यादीत बरेच जण याला विसरतात, तुम्ही विसरू नका.

इतकं झालं की कान तयार होतात, मग लावा १९२७ चं ब्रिस्टल. टेनेसीतलं हे गाव, रेकॉर्ड प्रोड्यूसर राल्फ पीअर रेकॉर्डिंगची मशिनरी घेऊन आला आणि एकाच आठवड्यात कार्टर फॅमिली हा घरगुती ग्रुप आणि गायक जिमी रॉजर्स दोघंही सापडले. रॉजर्सचं यॉडलिंग पुढच्या रेकॉर्ड्समध्ये मिळेल, किशोरदांचे फॅन असाल तर लगेच ओळखीचं वाटेल. कार्टर ऐकताना गाण्याकडे नको, गिटारकडे लक्ष द्या. ग्रुपमधली मेबेल कार्टर अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि बोटांनी बारीक तारांवर ताल, म्हणजे एकटीच दोघींचं काम करते, तेही अठराव्या वर्षी, पोटात आठवा महिना.

हे सगळं झालं की फॉल्समचा अल्बम परत लावा. जॅक्सनमध्ये कॅशसोबत जी गाते ना, जून कार्टर, ती या मेबेलचीच मुलगी.