पोरांना क्रेडिट कार्ड शिकवताय? मग मिनिमम ड्यूचा हिशोब करायला बसा

घरात कोणाला पहिली नोकरी लागली की पगाराआधी कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. अशा वेळी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ऐकवू नका, ते पोरांचं शाळेतच पाठ झालंय. आणि 'कर्ज म्हणजे वाईटच' हे तर अजिबात नको, उद्या त्याच पोराला होम लोन लागणार आहे.

तुमच्याच कार्डाचं जुनं स्टेटमेंट प्रिंट करा. बिलाची तारीख, भरायची तारीख, एकूण रक्कम दाखवा. झालं.

आता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम. खरी गोम इथे आहे. मी आधी नुसतं तोंडी समजावायचो, पोरं 'हो काका' म्हणून मान डोलवायची आणि पुढच्या महिन्यात मिनिममच भरून मोकळी, कारण लेट फी लागत नाही, बँकेचा फोन येत नाही, म्हणजे सगळं ओके असं वाटतं ना! म्हणून आता पेन त्यांच्याच हातात देतो. बिल २०,०००, मिनिमम ५ टक्के धरा, म्हणजे १,००० भरले. उरले १९,०००. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज ६६५, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी साधारण १२०. पुढचं बिल १९,७८५, तेही नवीन काहीच न घेता. हजार भरले आणि कर्ज उतरलं २१५ रुपयांनी! हा आकडा पोराने स्वतः काढला पाहिजे, तुम्ही सांगितलात तर वाया गेला. आणि हा ढोबळ हिशोब आहे बरं का, प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे आकडा याहून वाईटच येतो.

याच बैठकीत दुसरी गोष्ट पण सांगा. पूर्ण बिल भरलं नाही की ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे सगळं संपलं, नव्या खरेदीवर, अगदी पेट्रोलवरसुद्धा, पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

'थोडी बाकी ठेवली की सिबिल (म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा स्कोर) वाढतो' असं कोणी सांगितलं तर त्याला पुन्हा काही विचारू नका. पूर्ण आणि वेळेवर भरा, स्कोर आपोआप नीट राहतो. या स्कोरचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो पोरालाच काढू द्या.

कार्डावर एटीएममधून कॅश काढायची नाही. विषय संपला.

लोन ॲप असेल तर आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) उघडायचं आणि त्यातला एपीआर, म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, बघायचा, 'फक्त अमुक रुपये ईएमआय' वाचून भुलायचं नाही. ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली तर सरळ डिलीट, रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसतच नाही.

मग एफडी तारण ठेवून मिळणारं छोट्या लिमिटचं कार्ड घेऊन द्या, त्यावर फक्त मोबाईल रिचार्ज. ऑटोपे (खात्यातून बिल आपोआप भरलं जाणं) लावताना मात्र शेजारी बसा, तिथे 'मिनिमम' आणि 'टोटल' असे दोन पर्याय येतात, 'टोटल'वर टिक केलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा.