आयआयएमचा शिक्का नसताना इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये शिरायचं तर

कंपन्यांना भांडवल उभारायला आणि खरेदी-विलीनीकरणात मदत करणाऱ्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका भरतीसाठी आयआयएम अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर किंवा मुंबईच्या जमनालाल बजाजच्या कॅम्पसवर जातात, कारण पहिली चाळणी तिथल्या प्रवेशपरीक्षेनं आधीच लावलेली असते. बहुतेकदा इंटर्नशिपमधूनच पुढे पक्की ऑफर मिळते. बाहेरच्याचा सीव्ही बरेचदा उघडलाही जात नाही. म्हणून नोकरीच्या पोर्टलवर शंभर अर्ज टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लहान सल्लागार फर्म धरा, किंवा सीए करत असाल तर आर्टिकलशिप (सीएची सक्तीची उमेदवारी) ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या, कामात मिळवा. सीएफए या वित्त-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पातळी पदवीच्या शेवटच्या वर्षात देता येते. ती गांभीर्य दाखवते, नोकरी देत नाही.

खरं वजन मॉडेलला, म्हणजे कंपनीचे आकडे मांडून तिची किंमत काढणाऱ्या एक्सेल शीटला. शेअर बाजाराची नियामक सेबी हिच्या साइटवरून एखाद्या कंपनीचा डीआरएचपी (आयपीओआधीचा माहितीपत्रकाचा मसुदा) उतरवा आणि नफा-तोटा, ताळेबंद, रोकड प्रवाह एकमेकांना जोडा. ताळेबंद जुळत नसेल तर आधी खेळत्या भांडवलाची अधिक-उणे चिन्हं तपासा. ग्राहकांकडची वाढलेली येणी रोकडीतून वजा व्हायला हवीत. फरक लपवायला आकडा ठोकून बसवलात, तर मुलाखतीत पाच मिनिटांत पकडले जाल. दुसरी चूक टर्मिनल व्हॅल्यूची, म्हणजे अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या रोकडीला धरलेल्या किमतीची: भांडवलाचा खर्च ११ टक्के असताना वाढीचा दर ५ वरून ६ केला की ती सुमारे २१ टक्क्यांनी फुगते.

मग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना चार ओळींचा मेल पाठवा. नोकरी मागू नका, पंधरा मिनिटं मागा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा.