शाळेपासून पायी अंतरावर: वारसा मंडळ कसे सुरू करावे

नागपुरातल्या बऱ्याच शाळांमध्ये हरित सेना असते, वर्षातून एक ऐतिहासिक सहल निघते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी सजवण्याची स्पर्धाही होते. या तिन्ही गोष्टींची एकमेकींशी गाठ मात्र पडत नाही. हरित सेनेची मुले रोपे लावतात, सहलीची मुले रामटेकच्या गडावर फोटो काढून परततात. दाराशी पळसाची डहाळी का ठेवतात, हे नंदी सजवणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की संस्कृतीचे एक आणि निसर्गाचे दुसरे, अशी दोन मंडळे काढू नका. एकच काढा, आणि पहिले वर्षभर ते मुख्यतः शाळेपासून मुलांना पायी जाता येईल तेवढ्या भागावर चालवा. रामटेक कुठे पळून जात नाही.

पहिली पायरी: माणसे आणि वेळ

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांना एक पानाचे पत्र द्या. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि वने, सरोवरे, नद्या, वन्यजीव यांचे रक्षण करणे ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये म्हणून लागोपाठ दिली आहेत. पत्रात तेवढा उल्लेख पुरतो. शाळेत हरित सेना असेल तर तिच्यातच मंडळ सामावून घ्या, म्हणजे नवी परवानगी आणि नवे रजिस्टर टळते.

सहावी ते आठवीची वीस-पंचवीस मुले घ्या. शिक्षक दोन हवेत, एक विज्ञानाचे आणि एक इतिहासाचे किंवा भाषेचे. आठवड्याला एक तास आणि महिन्यातून एका शनिवारची सकाळ एवढा वेळ भरपूर होतो. मुले निवडताना गुणपत्रिका बघू नका. ज्याची आजी हातमागावर बसायची, ज्याचे वडील इतवारीत हातगाडी लावतात, जो दर सुट्टीत उमरेडकडच्या गावी शेतावर जातो, ते पोट्टे मंडळात हवेच. त्यांच्या घरी जे आहे ते ग्रंथालयात मिळत नाही.

दुसरी पायरी: नकाशा

मोठ्या कागदावर मधोमध शाळा काढा आणि सभोवार पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येईल एवढा भाग आखा. मुलांनी त्यात जुनी झाडे, विहिरी, देवळे, दर्गे, विहार, वाडे, नाले आणि जुनी दुकाने भरायची. महाल भागातल्या शाळेचा कागद एका आठवड्यात भरून जाईल. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधी द्वार, तिथे आहे. जुम्मा तलाव, म्हणजे गांधीसागर, जवळच आहे. भोसल्यांचे वाडे आहेत. सिव्हिल लाईन्सच्या शाळेला जुनी झाडे आणि इंग्रजी अमदानीतल्या इमारती मिळतील.

बेसा किंवा मनीषनगरकडचे शिक्षक म्हणतात, "आमच्याकडे जुने काहीच नाही." असे कधीच नसते. सोसायटीच्या मागून वाहणारा नाला सोसायटीच्या कितीतरी आधीचा आहे. बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यात मातीचे थर उघडे पडलेले असतात, ते कुंपणाबाहेरून बघता येतात. शिवाय वस्ती नवी असली तरी माणसे जुन्या गावांतून आलेली असतात. कोणाच्या घरी गोंडी बोलतात, कोणाच्या घरी छत्तीसगढी, कोणाच्या घरी सिंधी. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे मूळ गाव नकाशाच्या कडेला लिहून घ्या.

तिसरी पायरी: वही

मंडळाची खरी मालमत्ता म्हणजे ही वही. प्रत्येक मुलाची वेगळी, आणि मंडळाची एक मोठी. दर नोंदीत तारीख, जागा, काय पाहिले, कोणी सांगितले आणि काय कळले नाही, या पाच गोष्टी यायलाच हव्यात. पाचव्या रकान्यावर मुलांना सर्वांत जास्त वेळ द्या. "हे असं काहून आहे?" हा प्रश्न जसा सुचला तसाच, मुलाच्याच बोलीत उतरू द्या. भाषा सुधारायला बसलात तर पुढच्या आठवड्यात प्रश्नच येणार नाहीत.

एक झाड वर्षभरासाठी दत्तक घ्या. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात, त्या जागी खडूची खूण करून फोटो काढून ठेवा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार शहरातली पन्नास वर्षे आणि त्याहून जुनी झाडे 'हेरिटेज ट्री' ठरतात. त्यामुळे "हे चिंचेचं झाड तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं?" हा शेजारच्या आजोबांना विचारलेला प्रश्न कामाचा ठरतो. तारीख-वारासह लिहिलेल्या दोन-तीन आठवणी असतील तर झाडावर कुऱ्हाड येण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जायला मुलांच्या हातात काहीतरी असते.

चौथी पायरी: पोळा ते कोजागिरी

नागपुरात मंडळाचा खरा हंगाम श्रावण अमावास्येला सुरू होतो. इथे घाई करू नका. दोन महिने याच कामाला दिले तरी चालतील.

मुलांना घरी पाठवताना "पूर्वी पोळा कसा होता?" असा प्रश्न देऊ नका. त्याचे उत्तर ठरलेले असते, "पूर्वी खूप मजा होती." वस्तू आणि कृती विचारायला लावा. बैलाच्या शिंगांना काय लावायचे? आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे कशाने शेकायचे? "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे बैलाला कोण म्हणायचे, आजोबा की आजी? तोरणाखाली म्हटलेल्या झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, कोणाला आठवतात? असे विचारले की सांगणाऱ्याचा चेहरा बदलतो आणि वही भरू लागते. हिंगूळ, बेगड, झूल हे शब्द मुले पहिल्यांदा ऐकतात आणि लगेच विचारतात, हे मिळायचे कुठे? मग बाजार कळतो, कारागीर कळतो.

पळस इथेच हाती घ्या. दाराशी ठेवलेली डहाळी, जेवणाच्या पत्रावळी आणि द्रोण, होळीचा केशरी रंग, सगळे एकाच झाडाचे. ते झाड जवळ कुठे आहे, याचा शोध मुलांनी घ्यावा. शहरात ते सापडायला वेळ लागतो, आणि का लागतो हा प्रश्न वहीच्या पाचव्या रकान्यात आपोआप येतो.

तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात सुरू झाला असे सांगतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या दुखण्यांवर बोट ठेवणारे बडगे नावाचे पुतळे असतात. मिरवणुकीच्या गर्दीत शाळेची मुले नेऊ नका. आधीच्या दिवसांत, मूर्ती घडत असताना, मारबत काढणाऱ्या मंडळाच्या लोकांची परवानगी घेऊन लहान गटाने जा. बांबू, कागद, रंग यांचे काम जवळून बघता येते आणि कारागिरांना बोलायला सवड असते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असे एक जण सांगेल; दुसरा म्हणेल, ती पूतना. कोणते बरोबर, हे शिक्षकांनी ठरवून देऊ नये. दोन्ही कथा सांगणाऱ्याच्या नावासह लिहा. तोंडी इतिहास असाच असतो, आणि बाराव्या वर्षी मुलांना ते नीट समजते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. आता घरोघरी ती फारशी होत नाहीत, पण चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ बायकांना पाठ आहेत. एका संध्याकाळी शाळेत आई-आज्यांना बोलवा, गाणी म्हणवून घ्या, परवानगी विचारून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळही ठेवा. गाणी लिहून काढताना बोलीतले शब्द जसेच्या तसे ठेवा.

याच काळात दसरा येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी आई-वडिलांचे बोट धरून तिथे आलेली मुले आज पंच्याहत्तरी ओलांडलेली आहेत. ते नागपुरात आहेत, तुमच्या शाळेतल्या मुलांच्या घरात आहेत. कसे आलो, काय नेसलो, रात्री कुठे झोपलो, भाकरी कोणी बांधून दिली, हे त्यांना आत्ताच विचारायला हवे. मंडळाने वर्षभरात दुसरे काहीही केले नाही आणि अशा दोन आठवणी उतरवून घेतल्या, तरी वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही.

पाचवी पायरी: पाणी

नोव्हेंबरपासून जवळच्या तलावावर जा. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा, जो पायी किंवा शहर बसने जवळ असेल तो. दर महिन्याला त्याच जागी, सकाळी त्याच वेळी, अर्धा तास. मुलांना आधी सात-आठ पक्षी पुरतात: टिबुकली, वारकरी, पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, खंड्या, शेकाट्या, धोबी. धोबी तर शाळेच्या मैदानावरही येतो. पावसाळा सरल्यावर तो पहिल्यांदा कधी दिसला, ती तारीख फळ्यावर लिहा आणि वहीत नोंदवा.

तलावाला माणसांचा इतिहासही असतो. अंबाझरी आणि गोरेवाडा शहराला पाणी पुरवण्यासाठी उभे राहिले. अंबाझरीतून पुढे नाग नदी शहराच्या मधून जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पावसात अंबाझरी ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या भागातल्या मुलांनी शेजाऱ्यांना विचारून पाणी भिंतीवर कुठवर चढले होते ते फूटपट्टीने मोजावे आणि नकाशावर मांडावे. नदी, पूल, अरुंद झालेले पात्र आणि माणसांची आठवण एकाच कागदावर येते.

सहावी पायरी: दगड

नागपूरच्या पश्चिमेकडे लाव्हारसाचा काळा दगड आहे आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक. कामठीच्या नावाने भूशास्त्रात खडकांचा एक गटच ओळखला जातो. मुलांनी आपापल्या भागातून एकेक दगड आणून नकाशावर ठेवला की शहराचे दोन भाग त्यांना डोळ्यांनी दिसतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १९ व्या शतकात हेच केले. नागपूरच्या आसपास फिरून त्याने खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथाही लिहून घेतल्या. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. दगड आणि कथा वेगळ्या वह्यांत लिहायच्या असतात, असे त्याला वाटले नव्हते.

जानेवारीत बस ठरवायची असेल तर पहिली जुनापाणीसाठी ठरवा. काटोल रस्त्याला लोहयुगातल्या लोकांनी मृतांसाठी रचलेली शेकडो शिळावर्तुळे आहेत. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत, ते मुलांना शोधू द्या. दगडांवर चढायचे नाही, एकही खापर उचलायचे नाही, हे बसमध्ये बसण्याआधीच सांगा.

सातवी पायरी: अजब बंगला आणि किल्ला

अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चे आहे. सगळी दालने पळत बघण्यापेक्षा प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर बसून चित्र काढावे आणि तीन प्रश्न लिहावेत. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तो लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला खुला होतो. झेंडावंदन झाल्यावर जाता येते. १८१७ च्या नोव्हेंबरात इथे भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली, ती वरून शहर बघत समजून घेता येते.

काळजी

पालकांचे संमतिपत्र प्रत्येक फेरीसाठी वेगळे घ्या. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रथमोपचाराची पेटी, टोपी आणि पाण्याची बाटली. तलावाच्या काठापासून अंतर राखा. फेब्रुवारी संपल्यावर सकाळी नऊच्या आत परत या. घरटी आणि अंडी हाताळायची नाहीत. एखादे जुने नाणे किंवा मूर्ती सापडली तर फोटो काढा, जागा लिहा आणि शिक्षकांमार्फत तहसील किंवा पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. ज्यांची मुलाखत घेतली त्यांचे नाव छापायचे का, हे त्यांनाच विचारा.

शेवटची पायरी: वही पुढे द्या

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या सुमारास शाळेत नकाशा, चित्रे आणि पक्ष्यांच्या नोंदी मांडा. भाषणे टाळा, ज्यांनी आठवणी सांगितल्या ते आजी-आजोबा पाहुणे म्हणून बोलवा आणि मुलांना त्यांच्या शेजारी उभे करून नोंदी समजावू द्या. मोठ्या वहीच्या तीन प्रती काढा: एक शाळेच्या ग्रंथालयात, एक वस्तीतल्या वाचनालयात, आणि ज्याने जे सांगितले त्याचे पान त्याच्या घरी. मूळ वही सातवीतल्या दोन मुलांच्या हाती द्या. जुलैत त्यांचे पहिले काम म्हणजे फोटो बघून त्याच झाडाचा घेर त्याच उंचीवर पुन्हा मोजणे.