फाटकासमोरचा रॅम्प रस्त्यावर न सांडता कसा करावा

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, जेलरोड, कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी चक्कर मारा. दर दोन घरांआड एक सिमेंटचा उंचवटा फाटकातून निघून थेट डांबरावर उतरलेला दिसेल. कुणाचा दोन फूट, कुणाचा चांगला चार फूट. दुचाकीवाला अंधारात त्यावर चढतो, पावसाचं पाणी त्याला अडून शेजारच्याच्या अंगणात वळतं आणि साफसफाईवाल्यांना गटारीत हात घालायला जागा उरत नाही. आमच्याही घरासमोर असा रॅम्प होता. तो घणाने फोडताना जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण नवीन बांधायला जेवढा खर्च येतो त्याच्या निम्मा फोडायला येतो, हे आधी कुणी सांगत नाही.

आधी हद्द शोधा, मग मिस्त्रीला बोलवा

आपली जागा कंपाउंडच्या भिंतीबरोबर संपते असं समजून चाला. भिंत ते डांबर यांच्यामध्ये जी मातीची पट्टी असते ती 'सोडलेली जागा' वाटते, पण ती रस्त्याचाच भाग असते. नऊ मीटरच्या रस्त्यावर डांबर पाच-सहा मीटरच असतं. उरलेल्या रुंदीत गटार, विजेचे खांब, पाण्याची लाइन आणि आता बऱ्याच भागांत गॅसची पिवळी पाइपलाइन असते.

सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यासोबत मंजूर ले-आउटचा नकाशा काढा. तो बिल्डरकडे किंवा सोसायटीच्या कपाटात असतो, नाहीतर महापालिकेच्या नगररचना विभागात नक्कल मागता येते. त्यावर रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. समोरच्या भिंतीपासून आपल्या भिंतीपर्यंत टेप लावा. नकाशात नऊ मीटर आणि टेपवर आठ भरत असतील, तर कुणीतरी आधीच पुढे सरकलं आहे. ते आपण नाही ना, एवढं बघून घ्या.

रस्त्यावर अडथळा होईल असं बांधकाम, मग ती पायरी असली तरी, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बसत नाही. कलम २३१ खाली आयुक्तांना ते नोटीस न देताही काढता येतं. 'सगळ्यांचेच आहेत' हे उत्तर अतिक्रमणाची गाडी दारात आल्यावर उपयोगी पडत नाही.

उताराचा हिशेब

हे काम कागदावर दहा मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आतले बुडबुडे जाऊ द्या. एक टोक गटारीच्या कडेला, दुसरं पार्किंगच्या फरशीपाशी धरा. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, तेव्हा पाण्यापासून दोन्हीकडे खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. त्या दोन मापांतला फरक म्हणजे गाडीला चढायची उंची.

गाडीच्या रॅम्पसाठी एकास आठ हा चढ शेवटचा समजा: एक सेंटीमीटर उंचीला किमान आठ सेंटीमीटर लांबी. एकास दहा आरामाचा. व्हीलचेअर किंवा वॉकरने कुणी येणार असेल तर एकास बारापेक्षा जास्त चढ ठेवू नका. आजी-आजोबा घरात असतील तर मी तरी चालायची वेगळी, कमी उताराची पट्टी काढून घेईन. गाडीच्या रॅम्पवर म्हातारी माणसं घसरतात, विशेषतः श्रावणात शेवाळ धरल्यावर.

आता उदाहरण. फरशी ३० सेंमी उंच आहे. एकास आठने २.४ मीटर लागतील, एकास दहाने ३ मीटर. पुढे तीन मीटर मोकळी जागा असेल तर रॅम्प फाटकाच्या आतच मावला, प्रश्न संपला. आमच्याकडे फरक होता ४५ सेंमी आणि जागा साडेतीन मीटर. एकास आठला ३.६ मीटर हवे, म्हणजे फक्त १० सेंटीमीटर कमी पडत होते. त्या दहा सेंटीमीटरसाठी कंत्राटदाराने रॅम्प रस्त्यावर ९० सेंमी बाहेर काढला, कारण 'चढ एकदम आरामशीर होईल साहेब'. जूनच्या पहिल्या पावसात पाणी शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी जाऊन थांबलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त रोज सकाळी झाडूने पाणी लोटत राहिल्या. ते जास्त लागलं.

जागा कमी पडत असेल तर पर्याय आहेत. पार्किंगची फरशी पुढच्या टोकाला थोडी उतरती करा. नियमांप्रमाणे पार्किंगची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंमी वर हवी, तेवढी राखून बाकी उंची कमी करता येते. फाटक एका कडेला सरकवलं तर रॅम्प तिरका घेऊन लांबी वाढते. फाटक मात्र आतच उघडणारं किंवा सरकतं हवं. रस्त्यावर उघडणारं फाटक नियमात बसत नाही, आणि रॅम्प आत घेतल्यावर आत उघडणारं फाटक उतारावर घासतं. म्हणून मी सरकतंच घ्या म्हणेन.

सेडान असेल तर अजून एक गोष्ट. सपाट जमीन आणि एकास आठचा चढ जिथे भेटतात तिथे गाडीचं पोट किंवा पुढचा बंपर टेकतो. सुरुवातीचा आणि शेवटचा साधारण ६० सेंमी भाग निम्म्या उताराचा, एकास सोळाचा ठेवा. त्यासाठी एकूण लांबी थोडी वाढते, ती हिशेबात आधीच धरा.

पाणी कुठून येतं ते बघा

रस्ता मधे उंच आणि कडेला खाली असतो. डांबराला साधारण दोन ते अडीच टक्के बाक देतात. सहा मीटर डांबराच्या अर्ध्या रुंदीत, म्हणजे तीन मीटरमध्ये, सहा ते साडेसात सेंमीचा उतार होतो. म्हणजे रस्त्यावरचं सगळं पाणी तुमच्या फाटकासमोरूनच वाहणार, तशीच त्याची आखणी आहे. बाहेर काढलेला रॅम्प त्या वाटेवर बांध घालतो.

मिस्त्री यावर उपाय सुचवतो: रॅम्पखाली चार इंची पाइप टाकू. टाकू नका. पाइपचा व्यास दुप्पट केला की त्याच उतारावर पाणी वाहून न्यायची ताकद सहापटीहून जास्त होते. उलट धरा: फूटभर गटारीच्या जागी अर्ध्या फुटाचा पाइप घातला तर ताकद सहाव्या हिश्शावर येते. चार इंची तर विचारूच नका, त्यात एक गुटख्याची पिशवी आणि मूठभर गुलमोहराच्या शेंगा गेल्या की संपलं.

उघडी गटार ओलांडायची असेल तर तिच्यावर सुटे ढापे, म्हणजे काँक्रीटची झाकणं ठेवा. सलग स्लॅब ओतू नका. ढापा दोन माणसांना कडीने उचलता येईल एवढाच, साधारण दीड-दोन फूट रुंदीचा. वरची पातळी रस्त्याच्या कडेशी जुळती, खाली गटारीचा पूर्ण छेद मोकळा. गटार महापालिकेची आहे, तेव्हा हे काम आणि रस्त्याची कुठलीही खोदाई विभागीय कार्यालयाच्या बांधकाम विभागाला विचारूनच. शहरात असे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड. घरपट्टीच्या बिलावर आपला विभाग लिहिलेला असतो.

स्वतःच्या अंगणातलं पाणीही रस्त्यावर सोडायचं नाही. छप्पर आणि अंगण मिळून १०० चौरस मीटर असेल आणि एका सरीत २५ मिमी पाऊस पडला तर अडीच हजार लिटर होतात. फाटकाच्या आतल्या बाजूला आडवी जाळीची नाली घ्या आणि ती शोषखड्ड्याकडे वळवा. मळ्यांच्या काळ्या मातीत शोषखड्डा सुस्त चालतो, तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. आणि तो घराच्या पायाला चिकटून नको.

खालचं काम

गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळकडचे जुने मळे प्लॉट झालेत. तिथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात तडा ठरलेला. फूट-दीड फूट माती काढा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून भरा. एकदम सगळा मुरूम टाकून वरून ठोकला तर वरचाच थर बसतो.

वर पेव्हर ब्लॉक की काँक्रीट? उतारावर मी काँक्रीट घेईन, सपाट अंगणात पेव्हर. काँक्रीट पाच-सहा इंच जाड, एम २० (ही ताकदीची प्रत) किंवा त्याहून वरचं, ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढलेलं. घोटून गुळगुळीत केलेला रॅम्प म्हणजे पावसात घसरगुंडी. निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवा, गाडी दोन आठवडे तरी बाहेरच. पेव्हर घेतलात तर गाडीखाली ६० मिमी जाडीचा, एम ३५ ग्रेडचा मागा. दुकानदार ५० मिमीचा पुढे करेल, पण भारतीय मानकात तो जिथे वाहनं येत नाहीत अशा जागेसाठी आहे. दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे काँक्रीटची काठपट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

झाड, भिंत, गतिरोधक

फाटकाच्या आड झाड येत असेल तर फांदी छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, कायदा १९७५ चा आहे. झाड ठेवून रॅम्प करत असाल तर बुंध्याभोवती चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी सोडा.

कंपाउंड भिंत रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटर उंचीपर्यंत भरीव चालते. कोपऱ्याच्या प्लॉटला वळणापाशी दहा मीटर लांबीत भरीव भाग पाऊण मीटर उंचच, वर हवी तर जाळी. समोरून येणारी सायकल दिसावी म्हणून हा नियम आहे, आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही हाच.

घरासमोर गतिरोधक स्वतः टाकू नका. मानकाप्रमाणे तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. कॉलन्यांत जे दिसतात ते आडवे टाकलेले सिमेंटचे ओंडके असतात, त्यांनी पाठीचे मणके मोडतात, वेग नाही.

रस्ता होण्याआधी की नंतर?

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामं चालू आहेत. तुमच्या गल्लीत काम येणार असेल तर थांबा. जुना थर न खरवडता नवा टाकला तर रस्ता दर वेळी काही सेंटीमीटर वर येतो, आणि तुमचा हिशेब चुकतो. काम सुरू असताना बाहेर उभं राहून जुना थर खरवडायला सांगा. तोंडी सांगितलेलं विरतं, विभागीय कार्यालयात एक अर्ज द्या आणि पोच घ्या.

रॅम्प झाल्यावर पावसाची वाट बघू नका. रस्त्याच्या कडेला वरच्या बाजूने दोन बादल्या पाणी ओता आणि ते शेजारच्यांच्या फाटकासमोरून नीट पुढे जातं का ते बघा. आम्ही दुसऱ्यांदा हे केलं तेव्हा काकू गॅलरीतून बघत होत्या. 'आता जातंय,' म्हणाल्या.