जपानच्या डे-सर्व्हिसमध्ये वसंताची गाणी कशी बसवावीत

पुण्यात जपानी शिकून इकडे काइगोच्या, म्हणजे वृद्धांची देखभाल करण्याच्या कामाला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना कधी ना कधी सांगितलं जातं, "पुढच्या आठवड्यातलं रेकु तुम्ही घ्या." रेकु म्हणजे करमणुकीचा तास. आणि मार्च-एप्रिलमधलं रेकु म्हणजे बहुतेक वेळा गाणीच. मी नागानो प्रांतात मात्सुमोतोच्या डे-सर्व्हिसमध्ये, म्हणजे वृद्ध मंडळी दिवसापुरती येतात अशा केंद्रात, हे काम करते. इथे हा तास मी कसा बसवते ते लिहिते, कारण माझ्या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे.

गाण्यांची यादी करण्याआधी येणाऱ्या मंडळींची जन्मसालं बघा. कागदपत्रांत ती शोवा सनात, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या वर्षांत असतात. आकड्यात 1925 मिळवा की आपलं साल निघतं. शोवा 5 म्हणजे 1930. माणूस आठ-दहा वर्षांचा असताना शाळेत काय गायला आणि विशी-तिशीत रेडिओवर काय ऐकत होता, हे दोन प्रश्न सुटले की निम्मी यादी तयार.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'हारु नो ओगावा', वसंतातल्या ओढ्याचं गाणं. ते 1912 साली चौथीच्या सरकारी गीतपुस्तकात आलं, तेव्हा ओढा 'सारासारा नागारु' असा जुन्या ग्रांथिक भाषेत वाहायचा. 1942 साली गाणं तिसरीला आणलं आणि शब्द बोलीत बदलून 'सारासारा इकु यो' केले. 1947 मध्ये पुन्हा थोडा बदल झाला. त्यामुळे 1930 च्या आसपास जन्मलेल्या बाई 'नागारु' म्हणतात आणि शेजारी बसलेले, चार-पाच वर्षांनी धाकटे गृहस्थ 'इकु यो'. दोघंही बरोबर असतात. फळ्यावर एकच पाठ लिहिलेला असला तरी कुणाला दुरुस्त करू नका. उलट विचारा, "तुमच्या शाळेत कसं शिकवलं होतं?" मग शाळेतल्या ऑर्गनपासून गुरुजींच्या शिस्तीपर्यंत गोष्टी निघतात आणि गाणं पाच मिनिटं थांबतं. थांबू द्या. रेकुचा खरा फायदा त्या पाच मिनिटांत आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, कॅलेंडरवरचा वसंत आणि खिडकीबाहेरचा वसंत एक नसतो. छापील याद्या बहुधा तोक्योचं हवामान धरून केलेल्या असतात. आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी गोठवणारा वारा असतो, म्हणून मी मोसमाची सुरुवात 'सोशुन्फु'ने करते. वसंत नुसता नावाला आलाय, वारा अजून थंडच आहे, असं सांगणारं हे 1913 सालचं गाणं. शेजारच्या आझुमिनोत त्याचं स्मारकही आहे, त्यामुळे इथल्या लोकांना ते घरचं वाटतं. बाहुल्यांचा सण इतरत्र 3 मार्चला होतो, पण मात्सुमोतोत बऱ्याच घरी महिन्याने उशिरा, 3 एप्रिलला करतात. साहजिकच 'उरेशी हिनामात्सुरी' मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवते. हे गाणं सणाचं असूनही त्याची चाल उदास आहे. उत्साहाच्या भरात ती पळवू नका. 'साकुरा साकुरा' मात्र दाराबाहेर चेरीची फुलं दिसल्यावरच घ्यावं.

आता तयारी. शब्दांचे कागद प्रत्येकाच्या हातात देऊ नका. माना खाली जातात, गळा दबतो आणि समोर कोण बसलंय तेही दिसत नाही. त्याऐवजी मोझोशी, म्हणजे मोठा पातळ कागद घ्या, एका कागदावर एकच कडवं उभ्या ओळींत जाड काळ्या मार्करने लिहा आणि कांजीवर, म्हणजे चिनी चित्राक्षरांवर, फुरिगाना (उच्चार सांगणारी बारीक अक्षरं) द्या. मागच्या रांगेतल्या खुर्चीत स्वतः बसून वाचून बघा. कागद बसलेल्यांच्या नजरेच्या किंचित वर लावला की छाती आपोआप उघडते.

पुस्तकातली पट्टी मुलांच्या गळ्याची असते. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, त्याने दोन ते तीन स्वर खाली उतरवा. तेवढ्याने जे नुसते ओठ हलवत होते त्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. माइक मोठा ठेवू नका, श्रवणयंत्र लावलेल्यांना त्रास होतो.

वेळ मी जेवणाआधीची घेते, वीस-पंचवीस मिनिटं, चार किंवा पाच गाणी. आधी पाय जमिनीला टेकवून बसवायचं, व्हीलचेअरचे ब्रेक बघायचे आणि 'पा-ता-का-रा' म्हणून घ्यायचं. 'पा'ला ओठ, 'ता'ला जिभेचं टोक, 'का'ला घशाकडचा भाग, 'रा'ला वळणारी जीभ, असा घास गिळण्याआधीचा तोंडाचा व्यायाम त्यात होतो. गाणं त्याच्याच पुढे जोडलं की वेगळं काही करतोय असं कुणाला वाटत नाही.

तासाची सुरुवात 'हारु गा किता'ने (वसंत आला) करा. 1910 चं हे गाणं सगळ्यांना येतं. अर्ध्या खोलीने विचारायचं, "दोको नी किता?" (कुठे आला?) आणि उरलेल्या अर्ध्या खोलीने उत्तर द्यायचं, "यामा नी किता" (डोंगरात आला). दोन फेऱ्यांत खोली जागी होते. 'मेदाका नो गाक्को'त (इवल्या माशांची शाळा) हळूच डोकावून बघा अशी ओळ दोनदा येते. दुसऱ्या वेळी कुजबुजल्यासारखी म्हणायला सांगा. 'ओबोरोझुकियो'ची (धूसर चांदण्या रात्रीचं गाणं) मेख वेगळी. ते तीन मात्रांचं आहे आणि तिसऱ्या मात्रेवर सुरू होतं, म्हणून एरवीसारखं "सान, हाइ" (तीन, हं) म्हटलंत तर सगळे वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. "इची, नी" (एक, दोन) म्हणा, तिसऱ्याला हात वर उचला आणि स्वतः मोठा श्वास घ्या. तुमचा श्वास बघून सगळे श्वास घेतात. पुढची ओळ सुरू होण्याच्या जरा आधी तिचे पहिले दोन शब्द बोलून द्यायचे, एवढं जमलं की ज्यांना वाचता येत नाही तेही मागे राहत नाहीत.

शाळेचीच गाणी घेत बसलात तर तिशीत नोकरीधंद्याला लागलेला माणूस तुम्ही विसरलात. 1977 चं 'कितागुनी नो हारु' (उत्तरेकडचा वसंत) यादीत हवंच. गीतकार नागानोचेच, त्यामुळे पांढऱ्या सालीचे बर्च आणि दक्षिणेचा वारा म्हटलं की इथे खिडकीकडे माना वळतात. एरवी गाण्याला न येणारे पुरुष या गाण्याला येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला आजी-आजोबा म्हणणं प्रेमाचं असतं. इथे प्रत्येकाला आडनाव आणि 'सान' लावूनच हाक मारा आणि गाणं संपल्यावर लहान मुलांना करतात तसं "शाब्बास, छान जमलं" असं कौतुक करू नका. "मला हे कडवं आज तुमच्यामुळे समजलं" हे खरं असेल तेव्हा म्हणा. परदेशी असल्याचा इथे उपयोग होतो. गाण्यातल्या रेंगेच्या (शेतातल्या गुलाबी रानफुलांचं एक झुडूप) फुलांचं काय करायचात, असं मी विचारलं तर ते माहीत नसल्यामुळेच विचारते हे त्यांना कळतं आणि ते मन लावून सांगतात.

'फुरुसातो' (आपलं गाव) तासाच्या शेवटी ठेवा. ससे पकडायचा तो डोंगर आणि मासे धरायची ती नदी आली की कुणाचे तरी डोळे भरतात. लगेच पुढचं आनंदी गाणं लावून ते बुजवू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा, टिश्यू द्या, बोलायचं असेल तर बोलू द्या.

वसंताच्या शेवटाकडचं गाणं 'चात्सुमी'. ते वसंतारंभापासूनच्या अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीचं, म्हणजे 2 मेच्या आसपासच्या चहाखुडणीचं. ओळीनंतर दोन टाळ्या येतात, समोरासमोर बसवून एकमेकांच्या हातावर द्यायच्या. ज्यांची एक बाजू लुळी आहे त्यांनी चांगल्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली तरी ताल तोच. 5 मेला माशांच्या पताकांचं 'कोइनोबोरी' झालं की मोझोशी गुंडाळा, मागे महिना आणि कोणत्या पट्टीत घेतलं ते लिहून ठेवा आणि जूनसाठी पावसाची गाणी काढा.